बर्फ म्हणायला दोन्ही ओठ लागतात

“शैला, गो शैला, कावळ्याक पान कित्याक ठेवलंस? गेलो काय तो?”

शेजारच्या भिमाकाकू मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकून ओरडत होत्या. काकूंचा आवाज असा, की त्या करी रोडला शिंकल्या तर लालबागला लोक ‘सत्य आहे’ म्हणतात. त्यामुळे दोन मिनिटांत चाळीचे सगळे मजले आमच्या दारात. पुरुष टोप्या शोधत होते, बायका पदर तोंडाला लावून आधीच चढ्या सुरात हुंदके देत होत्या. कुणीतरी बांबूवाल्याला फोनही लावला होता म्हणे.

तो ‘गेलेला’ मी, भालचंद्र. दादरच्या एका साडीच्या दुकानात अर्धा जन्म गादीवर बसलेला सेल्समन. आत खाटेवर उताणा पडून सगळं ऐकत होतो. कान शाबूत, डोकं शाबूत. फक्त मानेखालचं काही हलत नव्हतं आणि तोंडावरचे धागे तुटले होते. मी जिवंत आहे एवढं वाक्य सांगायचं, तर त्याच्या पहिल्याच अक्षराला ओठ मिटावे लागतात. माझे मिटत नव्हते.

झालं होतं इतकंच. हॉस्पिटलातून घरी आल्यावर करमेना म्हणून मी शैलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, हट्ट धरला होता की खिडकीत पाखरांना काहीतरी घाल. तिच्यापुढे सकाळचा भात होता आणि नैवेद्याचं केळीचं पान होतं. तिने पानावर भात, भातावर दही घालून खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि ती पाणी भरायला गेली. आता आमच्याकडे असं पान कोणासाठी ठेवतात ते काय सांगायचं.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पान ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. वाट नाही, दर्भाचा कावळा नाही, विनवण्या नाहीत. माझ्या एवढ्या इच्छा बाकी असताना हा गडी पहिल्या फेरीत येऊन दहीभात हाणून गेला. कावळ्याचासुद्धा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता.

“जितो आसा,” शैलाच्या मागून आत डोकावत काकूंनी बाहेर जाहीर केलं. गर्दी जरा नाराजच होऊन पांगली.

*

आजार सुरू झाला तो बस्त्याच्या दिवशी. लग्नाचा बस्ता म्हणजे मुलीकडच्या अकरा बायका आणि त्यांची बारा मतं. मी गादीवर बसून साड्या उलगडत होतो. साडी उलगडणं म्हणजे कपडा पसरणं नव्हे. मनगटाचा एक झटका असा बसला पाहिजे की पदर हवेत उडावा, क्षणभर थांबावा आणि बाईच्या मांडीवर स्वतःहून जाऊन पडावा. माझ्या झटक्याला दुकानात मान होता. मी नारायणपेठ उडवली तर समोरच्या चहावाल्याच्या कपातला तवंग हलायचा.

त्या दिवशी झटका मारला आणि साडी माझ्याच गुडघ्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. पायांना आदल्या दिवसापासून मुंग्या होत्याच. “मुंग्या नाहीत, मुंगळे आहेत, पायात बूट घालून चाललेत,” असं मीच सगळ्यांना हसून सांगत होतो. उठायला गेलो तर पाय दुसऱ्याच कुणाचे. बायका हसल्या. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक अडकवायची नवी युक्ती.

डॉक्टरांनी रबरी हातोडी गुडघ्यावर मारली. गुडघा ढिम्म. दुसऱ्यावर मारली, तोही त्याचाच भाऊ. मग मोठं हॉस्पिटल, पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी, आणि जीबीएस ही तीन अक्षरं, म्हणजे अंगातलीच फौज नसांवर उलटते तो आजार. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक पेशंट बरे होतात.” मी ‘बरे होतात’ ऐकलं. शैलाने ‘बहुतेक’ ऐकलं.

“बहुतेक म्हणजे?” तिने विचारलं.

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजायचं.

मी मात्र “नाही नाही, मला काही होत नाही, रविवारी दुकानात सेल आहे” असं म्हणत होतो. त्या रात्रीपर्यंत हात गेले, मग चेहरा, आणि पहाटे छातीने राजीनामा दिला. घशात नळी घातली.

नळीविषयी मी थापा मारणार नाही. बाकी सगळ्यात मारीन. तुमच्या घरात कुणी या आजाराने पडलं असेल, तर एवढं लक्षात ठेवा: त्या माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. यंत्र हवा ढकलतं तेव्हा श्वास येतो, तुम्हाला हवा तेव्हा नाही. नाकावर माशी बसते. ती नाकपुडीच्या कडेने फिरते, थांबते, पाय चोळते, आणि तुम्ही तिच्याकडे बघण्यापलीकडे काही करू शकत नाही. मी त्या माशीला ओळखायला लागलो होतो. तिथली एक केरळची सिस्टर सुई टोचण्याआधी दर वेळी “सॉरी अंकल” म्हणायची, आणि जाता जाता माझं नाक खाजवून जायची. तिच्या त्या एका नखावर मी माझी गावची शेती लिहून दिली असती, असती तर.

नळी निघाली तेव्हा मी मनात एकच ठरवलं. काही झालं तरी परत इथे यायचं नाही.

*

घरी आणलं तेव्हा मंडळाच्या पोरांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर चढवलं. आगमनच ते. ढोल नव्हते एवढंच. वर ठेवलं आणि पोरं निघून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझं आगमन झालंय, पण विसर्जनाशिवाय खाली उतरायची सोय नाही.

खोली दहा बाय बारा. खाट अशी बसली की माझं डोकं खिडकीकडे. मान वळत नव्हती, म्हणजे खिडकी माझ्या मागे आणि माझ्या नशिबी समोरचं लोखंडी कपाट. पण कपाटाच्या दाराला आरसा होता. त्यात खिडकीचे गज, फळी आणि आभाळाचा टॉवेलाएवढा तुकडा दिसायचा. दहीभाताच्या प्रकरणानंतर शैलाने पान बंद करून नारळाची करवंटी तारेने गजाला टांगली आणि तिच्यात कण्या घातल्या. कण्यांवर कुणाचं श्राद्ध होत नाही.

मग माझं दुकान सुरू झालं. सकाळी चिमण्या यायच्या, घाऊक. साळुंकीची एक जोडी यायची. तिच्यातली बाई दर दाणा उचलून टाकायची, दुसरा बघायची, तोही टाकायची. अशी गिऱ्हाइकं मी तीस वर्षं पाहिलेली. बुलबुल यायचा, तुरा उभा करून, उधारीवर नेणाऱ्याच्या रुबाबात. कावळा करवंटीत मावायचा नाही, म्हणून तो ती उलटी करून खालचं वेचायचा. मी आरशात बघत पडायचो. दिवसभर. कूस शैला बदलायची तेव्हाच बदलायची, आणि तिने मला भिंतीकडे वळवलं की तेवढा वेळ माझं जग म्हणजे रंगाचा पोपडा.

शैलाला वाईट वाटेल म्हणून हे लिहू नये, पण लिहितो. ती थकली होती. भरवणं, पुसणं, उचलणं, वर माझी गाजलेली जीभ बंद. एकदा माझ्या तोंडातून पेज हनुवटीवर आली आणि ती चमचा आपटून म्हणाली, “इतकी वर्षं तुमच्या बडबडीने डोकं उठायचं. आता गप्प आहात तर घर खायला उठतंय. काय करू मी, सांगा ना काहीतरी.” मग मोरीत जाऊन तिने नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता.

सांगायला माझ्याकडे होती अर्धी बाराखडी. प, फ, ब, भ, म, ही सगळी ओठांची मंडळी रजेवर. माझं स्वतःचं नाव ‘आलचंद्र’ झालं होतं. मेव्हणा बाबू हा ‘आऊ’. भिमाकाकूंना हाक मारायचा प्रश्नच मिटला, ही या आजाराने दिलेली एकमेव सवलत. बायकोचं नाव तेवढं शैला. सासऱ्यांनी काय दूरदृष्टी ठेवली होती बघा.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं: श्वास लागला, हातपाय गार पडले, किंवा हे काही बरळायला लागले, तर वाट बघायची नाही. तडक घेऊन यायचं. हे ती देवाच्या आरतीसारखं पाठ म्हणायची.

*

आणि मग एका दुपारी करी रोडला बर्फ पडला.

ऊन असं की पत्र्यावर पापड ठेवला तर भाजून वर मीठ मागेल. पाखरं सावलीत गेलेली. मी आरशात रिकामी करवंटी बघत होतो, तर एक पांढरा ठिपका खाली आला. मग दुसरा. मग सगळा टॉवेलाएवढा तुकडा पांढरा झाला. संथ, आवाज नाही, घाई नाही. फळीवर थर साचला. गजांना पांढऱ्या मिशा फुटल्या. चिमण्या परत आल्या आणि त्यांची जी तारांबळ उडाली. एक चिमणी तोंडात एवढा मोठा पुंजका धरून बसली, की तिला दाढी आल्यासारखी दिसत होती. साळुंकीबाईंनी एक उचलला, टाकला, दुसरा बघितला, अर्थातच तोही टाकला. कावळ्याने खाऊन बघितला, त्याच्या चोचीला चिकटला, तो गजावर चोच घासत आम्हा सर्वांना शिव्या देत होता. बुलबुलाच्या तुऱ्यावर पांढरं बसलं आणि तो अगदी निवृत्त हवालदार दिसायला लागला. मी काश्मीरला गेलेलो नाही, पण काश्मीरहून आलेल्या शाली विकल्यात. मला बर्फ कळतो.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणाला तरी काहीतरी दाखवायचं होतं. शैला दाराशी तांदूळ निवडत होती. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, “बर्फ.”

आता बघा. बर्फ या शब्दाला पुढे ब आणि मागे फ. सुरुवातीला ओठ, शेवटाला ओठ, मधे नुसता र. माझ्या तोंडून निघालं, “अर्र.”

शैलाचं सूप खाली पडलं. “काय होतंय? श्वास लागतोय?”

“नाही, नाही.”

“पहिल्या वेळीही नाही नाहीच म्हणत होतात.”

माझी चूक लक्षात आली. ओठांशिवायचा शब्द हवा. डोकं माझं वकिलासारखं चाललं. बर्फ नाही तर गारा. ग, र, एकालाही ओठ लागत नाही. मी स्पष्ट, खणखणीत म्हणालो, “गारा. शैला, गारा.”

ती पांढरीफटक पडली. “गार? गार पडतंय अंग?” तिने माझे तळपाय धरले. तळपाय गेले कित्येक दिवस गारच होते, पण ते आता कुणाला सांगणार.

“खिडकी,” मी म्हणालो. “खिडकी, खिडकी.”

“लावते, लावते.” उशाशी येऊन, माझ्या तोंडावरची नजर न हलवता तिने हात मागे नेला आणि खिडकी ओढून घेतली. आमच्या खिडकीची काच दुधी. आरशातला बर्फ गेला, पाखरं फडफडून गेली, उरली एक मळकी पांढरी चौकट.

तिने बाबूला फोन लावला. बाबूची टॅक्सी नाक्यावरच असते. “ये लगेच. तुझ्या भावजींना श्वास लागलाय, अंग गार पडतंय. हो, परत तिथेच न्यायचं.”

परत तिथेच. मला ती माशी दिसली. ती नळीही दिसली. माझ्या छातीत खरोखरच धडधडायला लागलं, घाम फुटला, आणि कपाळावर हात लावून शैला म्हणाली, “बघा, घामही आला.”

भिमाकाकू आल्या. त्यांनी माझ्या नाकाशी बोट धरलं. “श्वास आसा,” त्या म्हणाल्या. त्यांना पूर्वीचा अनुभव होता, म्हणून खात्री करूनच बोलत होत्या.

मी शेवटचा डाव टाकला. इंग्रजी. “स्नो,” मी म्हणालो.

“काय मागता?”

“स्नो म्हणतायत वाटतं,” शैला म्हणाली.

“स्नो-पावडर? आता? तोंडाक लावूक?” काकूंनी शैलाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला, म्हणजे फक्त आमच्याच मजल्याला ऐकू गेला. “गो, डोक्यात गेला ता. बरळता तो.”

झालं. श्वास, गार, बरळणं. तिन्ही कलमं लागली. खाली बाबूचा हॉर्न वाजला, जिन्यात पावलं वाजली. तो दारात उभा राहिला, दुपारच्या जेवणाचा उष्टा हात तसाच. “भावजी, घाबरू नका, उचलतो मी.”

त्याच वेळी मला दिसलं. खिडकी लावताना बर्फाचा एक पुंजका आत आला होता. तरंगत तरंगत तो कपाटाच्या आरशाला चिकटून बसला होता, माझ्या अगदी समोर. तिघेही माझ्याकडे बघत होते, कपाटाकडे तिघांचीही पाठ. बाबूने माझ्या काखेत हात घातला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांना तो पुंजका दाखवला.

“शाल हवी होय, काढते,” असं म्हणत शैला कपाटाकडे वळली. दार उघडून तिने शाल ओढली, दोन घड्या खाली पडल्या. आणि मग ती तशीच थांबली. शाल छातीशी धरून वळली.

“बाबू,” ती म्हणाली, “त्यांचा हात तू वर केलास?”

“मी? माझे दोन्ही हात इथे आहेत.”

माझा उजवा हात कोपरापासून वर उठला होता. मनगट लोंबत होतं, बोटं भिजल्या केळीच्या पानासारखी, पण हात गादीपासून वर होता आणि कपाटाकडे बघत होता. तो थरथरत होता. मलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. मी ओरडत होतो, “तिकडे, तिकडे,” आणि तिकडे कुणी बघत नव्हतं. बाबू हाताकडे बघत होता. काकू हाताकडे बघत होत्या. शैला खाली बसली, शालीत तोंड खुपसलं आणि अशी रडली, की नळ सोडायलाही तिला वेळ मिळाला नाही.

हात पडला. तिने तो उचलून गादीवर ठेवला, परत सोडला, म्हणाली, “करा परत.”

केला. चपातीच्या जाडीइतका. पण केला.

“श्वास लागतोय?” तिने विचारलं.

“नाही.”

या वेळी तिने ते नाही ऐकलं. बाबूकडे वळून म्हणाली, “तू जा. गाडी उन्हात आहे.”

बाबू जाईना. दारातच बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला, हात परत उडून जाईल की काय अशा नजरेने. आरशावरचा पुंजका शेवटी काकूंना दिसला. त्यांनी तो दोन बोटांत धरून फुंकला. “ह्यो सावरीचो कापूस खयसून इलो?” खिडकी उघडली तर बाहेर सगळं थांबलेलं. मागच्या बंद गिरणीच्या आवारात बांधकामवाल्यांनी सावरीच्या झाडाची फांदी तोडली होती, उकललेल्या बोंडांसकट. फळीवर पांढरा थर होता आणि त्यात बारीक पावलं उमटली होती.

“कापूस होता,” शैला मला म्हणाली.

मी मान हलवू शकत नव्हतो, म्हणून वाद घातला नाही. मी आजही बर्फच म्हणतो. त्यांनी तो आरशात बघितला नव्हता.

*

ओठ नंतर परत आले, आधी म आला, ब सगळ्यात शेवटी. मनगट अजून यायचंय. हे मी मोबाईलवर उजव्या हाताच्या एका बोटाने टोचून टोचून लिहितोय, त्यामुळे जोडाक्षरं चुकली तर समजून घ्या. मनगटाचा झटका परत येईल की नाही, हे मला कुणी सांगत नाही. मी रोज विचारतो.

पण त्या दुपारनंतरची सकाळ सांगायची राहिली. व्यायाम करून घ्यायला फिजिओच्या मॅडम यायच्या. शिस्तीच्या, पुण्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. शैलाने त्यांना दारातच गाठलं. काकूही आल्याच. दोघींनी मिळून सगळं सांगितलं, आणि जिथे त्या कमी पडत होत्या तिथे मी अर्ध्या बाराखडीत भर घालत होतो: करी रोडला गुडघाभर बर्फ, चिमण्यांना दाढ्या, कावळ्याला पडसं, साळुंकी शाल परत करायला आली होती, मोरीतलं पाणी गोठून बादली फुटली. शैला माझं बोलणं मॅडमना समजावून सांगत होती. एकही थाप तिने गाळली नाही. मग मी हात उचलून दाखवला. आदल्या दिवसापेक्षा बोटभर जास्तच. खोलीत सगळे मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. काकूंनी तर श्वास धरला होता.

मॅडमनी हात खाली जाईपर्यंत बघितलं. मग खाटेला वळसा घालून त्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता डावा.”